घासून काढलेला नंबर

कालमुराटने दार ओढून घेतलं तेव्हा त्याच्या आईची बोटं चौकटीत होती. त्याला ती दिसली होती. अनारकान अंगणात उभी होती आणि तिने त्याची नजर पाहिली. नजर आधी बोटांवर गेली, मग हाताने हिसडा दिला.

म्हातारी किंचाळली नाही. नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज आला आणि ती उंबऱ्यावर बसली. मधली दोन बोटं बघता बघता काळीनिळी पडली. अनारकान गावच्या दवाखान्यातली परिचारिका. पिशवीतली पट्टी काढून ती सासूच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. एक बोट नक्की मोडलं होतं, दुसऱ्याचं नख उपटून लोंबत होतं.

"जा आता, कर सही," कालमुराट दारातून म्हणाला. "नोटरीबाई वाट बघत असेल ना तुझी?"

सासूने, सोनुन एनेने, मान वर केली नाही. पट्टी बांधून होईपर्यंत ती जमिनीकडे बघत राहिली. मग सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

"डाव्या हाताने करीन," ती म्हणाली. "चल गं."

हे सगळं एका मोटरसायकलीपायी चाललं होतं. जुनी, रशियन, साइडकार जोडलेली, तीन चाकांची गाडी. अनारकानचा नवरा जापार तिच्यावर गवताचे भारे वाहायचा, तपासणीसाठी न्यायचा नाही. नंबराची मुदत संपली, पुढे सरकारी वहीतून नंबरच खोडला गेला, प्लेट गंजून कुठेतरी पडली. वर डोंगरात कुरणापर्यंत कोण विचारतंय? अकरा वर्षं गाडी तशीच फिरली. जापार हिमकड्याखाली सापडून गेला आणि चाळीसाव्या दिवसाचं जेवण झालं. त्याच दिवशी धाकट्या भावाने, कालमुराटने, ती आपल्या गोठ्यात नेऊन लावली. धाकटा म्हणून आईबापांचं घर त्याच्याकडे होतं, आई त्याच्याकडे होती, आता गाडीही गेली. अनारकानने तेव्हा हरकत घेतली नाही. नवरा गेल्यावर कुठे लोखंडासाठी भांडायचं, असं तिला वाटलं.

पुढल्या फेब्रुवारीत वरच्या वाडीतल्या एका मेंढपाळाची बायको अडली. तालुक्याची जीप बर्फात येईना. अनारकानने दिराच्या हातापाया पडून गाडी काढायला लावली. बाईला मेंढीच्या कातड्यांत गुंडाळून साइडकारमध्ये झोपवलं. पुलापाशी कालमुराटने गाडी थांबवली. पुलापलीकडे पोलिसांची चौकी होती, गाडीला नंबर नव्हता, आणि लोकांची मेंढरं रातोरात खोऱ्याबाहेर नेण्याचा त्याचा धंदा साऱ्या गावाला माहीत होता. त्याने किल्ली काढून खिशात घातली.

"मी इथून पुढे येत नाही."

"अरे, बाई मरेल!"

"मग तू ने खांद्यावर."

दुसरी गाडी मिळायला तास गेला. बाई वाचली. मूल पुलावरच जन्मलं आणि तिथेच गेलं. अनारकानने त्याला आपल्या शालीत बांधून त्याच्या बापाच्या हातात दिलं होतं. बर्फ वितळल्याबरोबर ती तालुक्याच्या गावी, गाड्यांच्या नोंदणी कचेरीत गेली.

तिथला तलाय नावाचा अधिकारी जाडजूड, घामट आणि बोलायला कंजूष होता. त्याने जुनी वही उघडून जापारचं नाव काढलं.

"गाडी मेलेल्या माणसाच्या नावावर आहे, ताई. आधी वारसाचा कागद आणा. वारस कोण?"

"मी. आणि माझी सासू."

"मग तिची सही लागेल. नंतर गाडी इथे आणा. चासी नंबर वहीशी जुळला, ब्रेक-दिवे पास झाले, की नवी प्लेट. लायसन आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. तुमच्याच मैदानात आठाचा आकडा काढून दाखवला होता, पाय न टेकवता."

तलायने पहिल्यांदा वर पाहिलं. "मग अडचण काय आहे?"

अडचण काय आहे ते त्याला नोटरीच्या टेबलावर दिसलं असतं. सोनुन एनेने पट्टीवाला हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने, लहान मूल पाटीवर गिरवतं तशी, आपल्या नावाची अक्षरं काढली. पट्टीतून रक्त झिरपून परकरावर डाग पडत होता.

"आजी, कुणी जबरदस्ती तर केली नाही ना?" तरुण नोटरीबाईने विचारलं.

"केली ना," म्हातारी म्हणाली. "सही करू नये म्हणून केली."

त्या दिवसापासून ती कालमुराटच्या घरी परतली नाही. अनारकानच्या घरी चुलीजवळची जागा तिने स्वतःच निवडली आणि बोचकं तिथे ठेवलं.

कागद हातात आल्यावर अनारकान गाडी आणायला गेली. एकटी गेली नाही. सोबत म्हातारा शेरगाझी होता, गावातल्या निम्म्या ट्रॅक्टरांची इंजिनं त्याने उघडून परत बसवलेली. गावचा पोलीसही होता, पण तो फाटकाबाहेरच थांबला आणि सिगारेट पेटवायला लागला.

"तुम्ही आत येणार नाही?" अनारकानने विचारलं.

"तुमचा घरचा मामला आहे. काही झालं तर मी आहेच."

काही झालं ते लगेच झालं. शेरगाझीने गोठ्याचं दार उघडून हँडल धरलं, तोच कालमुराट घराच्या मागून फावडं घेऊन आला. फावड्याची पात शेरगाझीच्या खांद्यात बसली आणि म्हातारा गाडीवर आडवा झाला. अनारकान मध्ये धावली. दुसरा घाव तिच्या बरगड्यांवर आला, पात नव्हे, दांडा. तिला आपलंच हाड आतून मोडल्याचा आवाज ऐकू आला, सुकी काटकी मोडते तसा. ती शेणात पडली. मग त्याने बुटाने मारायला सुरुवात केली. पाठीत, मांडीवर, पुन्हा पाठीत.

"वहिनी, वहिनी," प्रत्येक लाथेबरोबर तो म्हणत होता, समजूत घालावी तशा आवाजात. "भावाची वस्तू नेतेस? आमच्या घरातली वस्तू नेतेस?"

तिच्या हाताला गवतात काहीतरी थंड लागलं. टायर काढायची पहार होती, हातभर लांबीची. पडल्या पडल्याच तिने ती दोन्ही हातांनी फिरवली. पहार त्याच्या मनगटावर बसली. फावडं सुटलं. ती उठून बसली आणि तिने पुन्हा मारलं, या वेळी कोपरावर. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा तो डोकं झाकून मागे सरकला. त्याच्या चेहऱ्यावर भीती पाहून तिला इतकं बरं वाटलं की ती स्वतःच घाबरली.

मग कुठे पोलीस आत आला. त्याने हवेत गोळी झाडली, कोंबड्या फडफडल्या, कुत्रा केकाटला. कालमुराट मनगट धरून भिंतीला टेकून उभा राहिला आणि हसायला लागला.

"न्या की! मी कुठे अडवलंय? न्या, न्या."

तो का हसतोय ते घरी गेल्यावर कळलं. शेरगाझीने एका हाताने फडकं घेऊन हँडलच्या खालचा चासीचा भाग पुसला. जिथे नंबर ठोकलेला असतो तिथे चकचकीत, गुळगुळीत लोखंड होतं. ग्राइंडर मारून आकडे साफ घासून टाकलेले.

"पोरी," शेरगाझी खाली बसला. "ही आता कुणाचीच गाडी नाही. नंबर घासलेली गाडी म्हणजे चोरीची गाडी. तलाय हिला बघताक्षणी जप्त करील."

अनारकान भिंतीला धरून उभी होती. बरगड्यांवर चादर घट्ट आवळून बांधली होती, श्वास अर्धाच येत होता. चुलीजवळून सोनुन एनेने विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"नंबर खोडला म्हणतात, एने."

म्हातारीने हातातली चहाची वाटी खाली ठेवली. "मी त्याला जन्मल्यावर उलटा धरून चापट मारली नव्हती," ती म्हणाली. "आपणहून रडला होता. मला वाटलं, केवढं दांडगं पोर."

तलायने मात्र गाडी जप्त केली नाही. त्याने अनारकानचा सुजलेला गाल पाहिला, तिरकी चाल पाहिली, आणि पांढरा कागद पुढे ओढला.

"कुणी घासला?"

"माझ्या दिराने."

"लिहून द्याल? हा गुन्हा आहे, ताई. तुम्ही लिहून दिलं तर मला पुढे पाठवावंच लागेल. मागे घेता येणार नाही."

"देते."

तिने लिहिलं. फावडं लिहिलं, बोटं लिहिली, पूल लिहिला. पुलाचा इथे संबंध नाही, असं तलाय म्हणाला. पण त्याने तो मजकूर खोडला नाही.

गाडी ट्रकवर चढवून प्रांताच्या शहरात तपासणीला न्यावी लागली. तिथे वेरा पेत्रोव्ना नावाची साठीची बाई होती, हातात रबरी मोजे, चष्मा दोरीने गळ्यात. तिने घासलेली जागा बारीक कागदाने आणखी घासली. आरशासारखी झाली तेव्हा काचेच्या कांडीने तिच्यावर आम्ल फिरवलं. उग्र वास सुटला.

"आता नंबर कुठून येणार?" अनारकानने विचारलं.

"खालून," वेरा पेत्रोव्ना म्हणाली. "कारखान्यात आकडा ठोकतात ना, तेव्हा त्याचा मार खूप खोलवर जातो. वरचं घासलं तरी खालचं लोखंड दबलेलंच राहतं. घासणाऱ्याला घाई असते. इतक्या खोल कोणी जात नाही."

त्या दोघी बराच वेळ वाकून बघत राहिल्या. आधी काहीच नव्हतं. मग राखाडी डाग आला, डागाला कड आली, आणि धुक्यातून माणूस पुढे यावा तसा एक चार दिसू लागला. त्यामागून शून्य. मग सात. सहावा आकडा तीन की आठ ते ठरेना. वेरा पेत्रोव्नाने तीनदा आम्ल लावलं, भिंग धरलं, फोटो काढले, स्वतःशीच रशियन शिव्या घातल्या. शेवटी पेन उचलून लिहिलं, तीन. वहीतही तीनच होता. अनारकान बाहेर येऊन पायरीवर बसली आणि मोडक्या बरगड्यांनी जेवढं रडता येतं तेवढं रडली.

पाठोपाठ कालमुराटला पोलिसांचं बोलावणं गेलं, तसे गावातले चार वृद्ध तिच्याकडे आले. तिने चहा दिला, नान ठेवला, लोणी ठेवलं. त्यांनी आधी हवापाण्याचं काढलं, मग गवताचं, मग सगळ्यांत थोरला दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "सूनबाई, रक्ताचा माणूस आहे. तुरुंगात घालून गावाचं नाव होईल का? कागद मागे घे. त्याला आम्ही सांगू."

"आजोबा, आजवर सांगितलंत का त्याला?"

"सांगितलं की. ऐकतो कुठे."

"मग पुढे तरी कसा ऐकेल?"

थोरल्याने सोनुन एनेकडे पाहिलं. "तुम्ही तरी बोला, बाई. तुमचा मुलगा आहे."

सोनुन एनेने पट्टी सोडलेला हात बैठकीच्या मधोमध, नानच्या बाजूला ठेवला. मधलं बोट वाकडंच जुळलं होतं, आकड्यासारखं. वृद्धांनी वाट्या उपड्या घातल्या आणि ते गेले.

तपासणीचा दिवस ठरला. तोवर जूनचा महिना लागला होता. शेरगाझीने ब्रेकच्या तारा बदलल्या, दिवे बसवले, पुढच्या चाकाचा चिमटा सरळ केला. प्लेट मिळेपर्यंत कचेरीत नेण्यापुरता तात्पुरता कागद तलायने दिला होता. अनारकानने तो छातीशी, कोटाच्या आत ठेवला. सासू साइडकारमध्ये बसली, गुडघ्यांवर घोंगडी, डोक्याला पांढरा रुमाल. दोघी सकाळी उन्हं चढल्यावर निघाल्या.

खिंडीखालच्या वळणावर कालमुराट घोड्यावर बसून वाट बघत होता.

तिने वेग वाढवला. तोही उताराने घोडा घालून बाजूला आला. पहिला चाबूक तिच्या मानेवर बसला. आगीची रेघ ओढल्यासारखं झालं. दुसरा कानावर. गाडी दगडांत गेली, परत रस्त्यावर आली. तो साइडकारच्या अंगाने आला तेव्हा म्हातारीने दोन्ही हात डोक्यावर धरले, आणि त्याने चाबूक उलटा करून दांड्याने पुढचा दिवा फोडला.

"खाली उतर, एने! उतर म्हणतो ना! दोघींना नदीत घालीन!"

तो गाडीच्या पुढे गेला आणि घोडा आडवा घातला. अनारकानने ब्रेक दाबला. घोडं इंजिनच्या आवाजाला बुजलं, मागच्या पायांवर उभं राहिलं, आणि सुटलेल्या खडीवरून त्याचे खूर सरकले. घोडा आणि माणूस दोघेही रस्त्यावर आपटले. कालमुराटचा पाय खाली सापडला. घोडा धडपडत उठायला बघत होता, पण त्याचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडून लोंबत होता, आणि प्रत्येक धडपडीत तो कालमुराटला आणखी चिरडत होता. शेवटी तो बाजूला कलंडला.

गाडी चालू होती. कालमुराट दहा पावलांवर रस्त्याच्या मधोमध पडला होता. अनारकानने क्लच दाबला, गिअर टाकला. तिला तो पूर्ण दिसत होता, टोपी पडलेलं डोकं, विस्कटलेले केस, धुळीतले हात. पुढचं चाक बरोबर कुठून जाईल तेही दिसत होतं. सासूशिवाय पाहणारं कोणी नव्हतं. उतारावर ब्रेक लागला नाही, असं सांगता आलं असतं. तिने क्लच सोडला. गाडी निघाली.

चाक त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. ब्रेक तिच्याच पायाने दाबला होता, पण कधी दाबला ते तिला आठवेना.

सोनुन एने साइडकारमधून उतरली. सावकाश चालत मुलाजवळ गेली, धुळीत पडलेला चाबूक वाकड्या बोटाच्या हाताने उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. एकदा, दोनदा, तीनदा. ओठ फाटला. तो हात वर करायलाही विसरला. मग तिने चाबूक टाकला, डोक्याचा पांढरा रुमाल सोडला आणि सुनेपुढे धरला.

"घे. बांध त्याचा पाय."

नडगीचं हाड कातडीतून बाहेर आलं होतं. अनारकानने चाबकाचा दांडा आणि रस्त्याकडेच्या कुंपणाची एक फळी लावून पाय बांधला. हाड ओढून सरळ करताना तो गुरासारखा ओरडला. तिने हात हलका ठेवला नाही.

घोड्याचं काही होण्यासारखं नव्हतं. कालमुराटच्या कमरेचा सुरा काढून अनारकान घोड्याच्या डोक्याशी बसली. घोड्याचा डोळा फिरून तिच्याकडे बघत होता, ओलसर आणि मोठा. म्हातारीने अल्लाचं नाव घेतलं. सुरा एका दमात फिरवायचा असतो, हे अनारकानने लहानपणी बापाकडे पाहिलं होतं. रक्त कोपरांपर्यंत उडालं. त्या पाच महिन्यांत जे जे घडलं त्यातलं हे एकच तिला पुढे स्वप्नात दिसायचं.

मेंढरं घेऊन येणाऱ्या दोघांच्या हवाली कालमुराटला करून त्या दोघी तालुक्याला पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. तलाय मैदानात उभा होता. त्याने तिच्या बाह्या पाहिल्या, मानेवरचा वळ पाहिला, म्हातारीचं उघडं डोकं पाहिलं. कोणाचं रक्त, असं विचारलं. तिने सांगितलं. त्याने पोलिसांना फोन केला. मग गाडीभोवती एक फेरी मारली, चासी नंबर वेरा पेत्रोव्नाच्या कागदाशी ताडून पाहिला, ब्रेक दाबून पाहिले.

"पुढचा दिवा फुटलाय," तो म्हणाला.

"आत्ता फुटला. वाटेत."

"मला कळतंय, ताई. पण दिवा नसताना पास करता येत नाही." तो जरा ओशाळला. "आठवड्याने या. तोवर गाडी इथेच ठेवा, कुणी हात लावणार नाही."

अनारकान त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू आलं. हसताना बरगड्या दुखत होत्या, तरी थांबेना. म्हातारीही तोंडावर हात धरून हसायला लागली. तलाय बिचारा दोघींकडे आळीपाळीने बघत उभा.

आठवड्याने गाडी पास झाली. प्लेट शेरगाझीने बसवली, दोन स्क्रू, खाली वॉशर. उन्हाळाभर अनारकान त्या गाडीवर कुरणाकुरणांतून फिरली. लसी टोचल्या, एका पोराचा मोडका हात खाली आणला, दोन बायकांना दिवस भरायच्या आधीच तालुक्याला नेऊन ठेवलं.

खटल्यात कालमुराटला दीड वर्षाची कैद झाली. साक्षीला सोनुन एने उभी राहिली. न्यायाधीशाने हात दाखवायला सांगितलं, तो तिने दाखवला. दर शुक्रवारी ती पिठाचे गोळे, बोर्सोक, तळायची आणि शहरात जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती तुरुंगात पाठवायची. स्वतः एकदाही गेली नाही.

सुटल्यावर तो एकदा आला. पाय आखूड झाला होता, काठी होती, आवाज बसलेला. फाटकातून आत आला नाही, त्याला कुणी या म्हटलंही नाही. अनारकानच्या हातात तेव्हा पाना होता. तिने तो खाली ठेवला नाही. सोनुन एने चहाची वाटी आणि नान घेऊन फाटकाशी गेली. फाटकावरून दोन्ही त्याच्या हातात दिलं. चहा तो उभ्यानेच प्यायला.

"चालते का गाडी?" त्याने विचारलं.

"चालते," अनारकान म्हणाली.

त्याने वाटी परत दिली. पलीकडच्या खोऱ्यात कुणाच्या तरी मेंढरांवर काम मिळालंय, असं काहीसं तो आईला म्हणाला. मग काठी टेकत उताराने निघून गेला. म्हातारी तो वळणाआड होईपर्यंत बघत राहिली. मग तिने वाटी हौदावर धुतली, आणि पुन्हा एकदा धुतली.